ज्युनिअर डायरेक्टर, सिनिअर मंडळी पडद्यामागे : दामलेमामांमुळे ‘प्रभात’ची टीम कशी टिकली?

‘प्रभात’ म्हटलं की तुतारी वाजवणारी ती बाई आठवते आणि पाठोपाठ एकच नाव येतं, व्ही. शांताराम. त्यात चूक काही नाही. पण १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तेव्हा भागीदार पाच होते. शांताराम, केशवराव धायबर, एस. फत्तेलाल, पैसा उभा करणारे सीतारामपंत कुलकर्णी आणि पाचवे विष्णुपंत गोविंद दामले. स्टुडिओत सगळे त्यांना दामलेमामा म्हणायचे.

दामले मूळचे पेणचे, जन्म १८९२ चा. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापूरला आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांकडे आले. तिथलं काम म्हणजे नाटकांचे पडदे रंगवणं. त्या भावांना मात्र सिनेमाचं वेड लागलं होतं. कॅमेरा विकत आणणं सोपं नव्हतं, तेव्हा तो आपणच बनवायचा असं ठरलं. १९१६ ला आनंदराव गेले आणि काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते पूर्ण केलं आणि त्या खटाटोपात त्यांच्या हाताशी होते दामले. कोल्हापुरात तयार झालेल्या कॅमेऱ्यावर पुढे ‘सैरंध्री’ निघाला, १९२० साली.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले पडेल ते काम शिकले. फत्तेलालांशी त्यांची जोडी इथेच जमली. एक पेणचा ब्राह्मण, दुसरा कागलचा मुसलमान चित्रकार, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत. ही दोन मामांची जोडी शेवटपर्यंत फुटली नाही. १९२८ मध्ये दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शितही केला.

आता खरी गंमत इथे आहे. वर्षभरात ‘प्रभात’ निघाली आणि दिग्दर्शनाची खुर्ची गेली शांतारामांकडे. ते दामल्यांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याच कंपनीत त्यांच्यानंतर आलेले. आजच्या ऑफिसात असं झालं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. चहाच्या टपरीवर कुजबुज सुरू होते, मग राजीनामे. इथे मात्र फत्तेलालांनी कलादिग्दर्शन उचललं आणि दामल्यांनी तांत्रिक बाजू. दोघं भागीदार होते, म्हणजे अडून बसायचं ठरवलं असतं तर बसता आलं असतं.

१९३१ ला ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांचा धंदा एका झटक्यात जुना झाला. ‘प्रभात’नेही बोलपट करायचं ठरवलं. पण आवाज मुद्रित करणार कोण? ते काम दामल्यांकडे आलं, वय जवळपास चाळीस. नव्याने शिकायला बसावं असं हे वय नाही, निदान लोक तसं मानतात. तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोरच गायचे, वादक फ्रेमबाहेर कुठेतरी बसायचे आणि माइक दिसणार नाही असा लपवायचा. कुणी खोकलं की शॉट गेला. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट अशा अवस्थेत उभा राहिला आणि तो मराठीसोबत हिंदीतही चित्रित झाला. दुर्गा खोटेंचा आवाज घराघरांतल्या माणसांपर्यंत नीट पोचला, त्यामागे ध्वनिमुद्रण करणारे दामले होते. पडद्यावर दिसणाऱ्या माणसाचं कौतुक होतं. आवाज चांगला असेल तर तो कुणी मुद्रित केला हे कुणीच विचारत नाही, आणि वाईट असेल तर मात्र सगळेच विचारतात!

१९३३ ला कंपनी पुण्याला आली. पुढच्या वर्षी शांतारामांचा ‘अमृतमंथन’ गाजला.

मग १९३६ ला पुन्हा दिग्दर्शनाची संधी आली, तीही जोडीने. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’. कथा-पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. जिजाई झालेली गौरी तर स्टुडिओत किरकोळ कामं करणारी बाई. तिची जिजाई पाहिल्यावर तुकोबांपेक्षा तिच्याच बाजूने बोलावंसं वाटतं, आणि माझ्या मते सिनेमाचा जीव तिच्यातच आहे. घरात खायला नाही आणि नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला, मग तिने चिडायचं नाही तर काय करायचं? दामले-फत्तेलालांनी तिला कुठेही खलनायिका होऊ दिलं नाही. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेला एक अभंग तर इतका बेमालूम जमला की अनेकांना तो तुकोबांचाच वाटला.

मुंबईत सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला. १९३७ ला वेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. सहा-सात वर्षं दुसऱ्याच्या सिनेमांचं यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचं हे काम.

त्यानंतर याच जोडीने ‘गोपालकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) केले. त्याच काळात शांताराम ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ करत होते. एकाच आवारात इतक्या वेगळ्या वळणाचे सिनेमे बनत होते आणि दोन्ही ‘प्रभात’चेच म्हणून ओळखले जात होते.

पण टीम कायमची नसते. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ ला शांताराम गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केलं. ५ जुलै १९४५ ला दामले गेले. ‘प्रभात’ही पन्नाशीच्या दशकात थांबली. १९६० पासून त्याच आवारात सिनेमा शिकवणारी संस्था चालते, आजची एफटीआयआय. फत्तेलालांनी ‘जगद्गुरू शंकराचार्य’ दिग्दर्शित केला तो १९५५ ला, एकट्याने.