वऱ्हाडाचा लेखाजोखा मांडणारे आल्फ्रेड लायल

अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांचा भूगोल, कारभार व इतिहास एकत्रितपणे मांडणारे पहिले महत्त्वाचे पुस्तक १८७० साली प्रसिद्ध झाले. वऱ्हाडच्या या गॅझेटिअरचे कर्ते होते पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर आल्फ्रेड कॉमिन लायल.

लायल यांचा जन्म ४ जानेवारी १८३५ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. ईटन व हेलीबरी येथील शिक्षण आटोपून १८५६ मध्ये ते बंगालच्या मुलकी सेवेत रुजू झाले. पुढच्याच वर्षी उठावाचा भडका उडाला, तेव्हा ते बुलंदशहरला होते आणि स्वयंसेवकांच्या घोडदळात जाऊन लढले. पुढे नागपूर आणि १८६७ मध्ये वऱ्हाड.

हा प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला होता. निमित्त होते हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचे. कागदोपत्री धनी निजाम, कारभार मात्र इंग्रजांचा! पूर्व वऱ्हाडचे मुख्य ठाणे अमरावती, तर पश्चिमेचे अकोला. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला सोन्याचे मोल आले होते, रेल्वेही नुकतीच येऊन पोहोचली होती. अशा मुलखाची बारीकसारीक माहिती सरकारला हवी होती, आणि गॅझेटिअरचा खरा हेतू तोच होता. उत्तरेस गाविलगडचे डोंगर व मेळघाट, दक्षिणेस बालाघाट, मधोमध पूर्णेच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन. शिवाय आईन-इ-अकबरीतील सरकार-परगण्यांपासूनचा इतिहास, असा त्याचा विस्तार होता.

तथापि लायल यांची नजर महसुलापुरती नव्हती. वऱ्हाडी खेड्यांतील दैवते त्यांनी बारकाईने पाहिली. रस्त्याकडेचा दगड, साधूची समाधी, अकाली मृत्यू आलेला वीर यांची पूजा सुरू होते आणि कालांतराने त्यांचाच देव होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. देवतांचा उगम वेदांतील निसर्गशक्तींत शोधणाऱ्या माक्स म्यूलरसारख्या युरोपीय पंडितांना या निरीक्षणाने वेगळा प्रश्न टाकला. वऱ्हाडच्या धर्मजीवनावरील हा निबंध पुढे १८८२ च्या ‘एशियाटिक स्टडीज’ या ग्रंथात आला. गॅझेटिअरपेक्षा तोच अधिक टिकाऊ ठरला, असे म्हणावे लागेल.

लायल यांची चढती कमान पुढेही कायम राहिली. १८७३ मध्ये ते हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव, नंतर परराष्ट्र सचिव आणि १८८२ ते १८८७ या काळात वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. अलाहाबाद विद्यापीठाची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीतील. १० एप्रिल १९११ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

दरम्यान १९०५ मध्ये वाशीम जिल्हा अकोल्यात आणि एलिचपूर अमरावतीत विलीन झाला होता. त्यापैकी वाशीम १९९८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. लायल यांचे पुस्तक इंग्रजीत, अंमलदारांसाठी लिहिलेले. ज्यांच्या शेतांची व देवांची त्यात नोंद होती, त्या रयतेपैकी फारच थोड्यांना ते वाचता येण्याजोगे होते. बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ मराठीत आला तो १९२४ साली.