दुचाकीचे इंजिन, चारचाकीची झेप

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर इंग्लंडमध्ये पैसा, पेट्रोल आणि सुटे भाग यांची मोठी टंचाई होती. त्या दिवसांत एका तरुणाने मोटारसायकलचे इंजिन बसवून शर्यतीची छोटी मोटार तयार केली. पुढे त्याच्या गाड्यांनी जगज्जेतेपद मिळवले. जॉन कूपर हे त्या तरुणाचे नाव. त्याचा जीवनपरिचय या पाठात करून दिला आहे.

रस्त्यावरच्या मोटारीचे पुढचे झाकण उघडले, की आत बहुधा इंजिन दिसते. पूर्वी शर्यतीच्या मोटारींचे इंजिनही पुढेच असे. आज मात्र फॉर्म्युला वन या जगप्रसिद्ध शर्यतीतील प्रत्येक मोटारीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते. हा बदल कोणा श्रीमंत कारखानदाराने घडवून आणला नाही. त्याची सुरुवात एका लहानशा गॅरेजमध्ये झाली.

सर्बिटन हे लंडनचे एक उपनगर आहे. तेथे चार्ल्स कूपर यांचे गॅरेज होते. ते कुशल कारागीर होते. के डॉन या नामांकित शर्यतपटूच्या मोटारींची देखभालही ते करत असत. त्यांचा मुलगा जॉन याचा जन्म १७ जुलै १९२३ रोजी झाला. जॉनचे बालपण पाने, हातोडे आणि तेलाचे डबे यांच्या सहवासात गेले. तो आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याच्यासाठी एक लहानशी मोटार तयार केली होती. पुस्तकांपेक्षा यंत्रांतच त्याचे मन अधिक रमे. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि हत्यारे बनवण्याचे काम शिकण्यास सुरुवात केली. पुढे महायुद्धाच्या काळात त्याने ब्रिटनच्या हवाई दलात उपकरणे तयार करण्याचे काम केले.

१९४५ मध्ये युद्ध संपले. तरुणांना पुन्हा मोटारींच्या शर्यतींचे वेध लागले. पण मोटारी आणायच्या कोठून? शर्यतीची मोटार म्हणजे श्रीमंतांचा षौक. शिवाय पेट्रोल रेशनवर मिळत होते. तेव्हा काही हौशी मंडळींनी एक युक्ती काढली. ज्या मोटारीच्या इंजिनाची क्षमता ५०० घन सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, अशाच मोटारींची शर्यत भरवायची, असे त्यांनी ठरवले. एवढे लहान आणि तरीही जोरदार इंजिन मोटारसायकलचेच असे. ते त्या मानाने स्वस्त होते आणि वजनालाही हलके होते.

जॉनला ही कल्पना फार आवडली. एरिक ब्रँडन हा त्याचा मित्रही तयार झाला. १९४६ मध्ये त्यांनी चार्ल्स यांच्या मदतीने कामाला सुरुवात केली. त्यांनी फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारीच्या दोन मोडक्या गाड्या घेतल्या. त्या दोन्ही गाड्यांचे पुढचे भाग कापून काढले. या भागांतील चाकांच्या स्प्रिंगांची रचना चांगली होती. हे दोन भाग त्यांनी पाठीला पाठ लावून जोडले. एक भाग पुढच्या चाकांसाठी आणि दुसरा मागच्या चाकांसाठी, असा मोटारीचा सांगाडा तयार झाला. त्यात जे.ए.पी. कंपनीचे, मोटारसायकलच्या शर्यतीत वापरले जाणारे एका सिलिंडरचे इंजिन बसवले.

आता प्रश्न असा होता, की इंजिन बसवायचे कोठे? मोटारसायकलमध्ये इंजिनाची ताकद साखळीने मागच्या चाकाला मिळते. सायकलचे पायडल आणि मागचे चाक जसे साखळीने जोडलेले असते, तसेच हे असते. इंजिन मोटारीच्या पुढच्या बाजूला बसवले, तर साखळी फार लांब करावी लागली असती. म्हणून त्यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जवळ बसवले. त्यामागे कोणताही मोठा सिद्धान्त नव्हता. काम सोपे व्हावे, एवढाच विचार होता.

पण या साध्या विचारातून मोठे फायदे झाले. पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेण्यासाठी एक लांब, जड दांडा लागतो. इंजिन मागे आल्यामुळे तो दांडा लागलाच नाही. दांडा नसल्यामुळे चालकाला खाली बसता आले. मोटार ठेंगणी झाली, तिला वाऱ्याचा अडथळा कमी झाला. बहुतेक वजन मोटारीच्या मध्यभागाजवळ आल्यामुळे ती वळणावर चटकन वळू लागली. डोक्यावर ओझे घेऊन वळणे सोपे असते. पण तेच ओझे लांब काठीच्या टोकाला बांधले, तर वळणे कठीण जाते. मोटारीचेही तसेच आहे.

महायुद्धापूर्वी जर्मनीतील ऑटो युनियन कंपनीने मागे इंजिन असलेल्या शर्यतीच्या मोटारी बनवल्या होत्या. परंतु त्या अतिशय ताकदवान होत्या आणि त्यांना आवरणे कठीण जाई. त्यामुळे ती पद्धत मागे पडली होती. कूपरची छोटी मोटार मात्र हलकी होती आणि चालकाचे ऐकणारी होती.

जॉनची मोटार पाहून इतरही तरुण तशी मोटार मागू लागले. कूपर बापलेकांच्या गॅरेजचा आता कारखाना झाला. १९४८ मध्ये स्टर्लिंग मॉस या अठरा वर्षांच्या मुलाने कूपर मोटार घेतली. पुढे तो जगातील श्रेष्ठ शर्यतपटूंपैकी एक झाला. १९५० मध्ये ५०० घन सेंटिमीटरच्या या शर्यतीला फॉर्म्युला थ्री म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

या शर्यतींसाठी नॉर्टन मोटारसायकलचे इंजिन अधिक चांगले ठरू लागले. पण नॉर्टन कंपनी सुटे इंजिन विकत नसे. तेव्हा शर्यतपटू अख्खी मोटारसायकल विकत घेत. तिचे इंजिन काढून मोटारीत बसवत. उरलेला सांगाडा दुसरे लोक घेत आणि त्यात ट्रायंफ कंपनीचे इंजिन बसवत. अशा मोटारसायकलला लोक ट्रायटन म्हणू लागले. एका गाडीचे इंजिन निघाले आणि त्यातून दोन नव्या गाड्या उभ्या राहिल्या!

कूपरने पुढे मोठ्या शर्यतींकडे लक्ष वळवले. त्यासाठी अधिक ताकदीचे इंजिन हवे होते. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीने आग विझवण्याच्या पंपासाठी एक हलके इंजिन बनवले होते. दोन माणसांना पंप उचलून नेता यावा, म्हणून ते वजनाने कमी ठेवले होते. त्याच इंजिनात सुधारणा करून ते शर्यतीच्या मोटारींसाठी तयार करण्यात आले. कूपरने ते आपल्या मोटारीत चालकाच्या मागे बसवले. फ्रान्सच्या सित्रोएन मोटारीचा गिअरबॉक्सही त्याने सुधारून वापरला. टाकाऊतून टिकाऊ करण्याची जुनी सवय येथेही उपयोगी पडली.

इटलीतील मोठ्या कारखानदारांना हा प्रकार पटत नव्हता. घोडा नेहमी गाडीच्या पुढे असतो, मग इंजिन मागे कसे, असा त्यांचा रोख होता. याचे उत्तर १९ जानेवारी १९५८ रोजी अर्जेंटिनात मिळाले. तेथील शर्यतीत स्टर्लिंग मॉस कूपर मोटार चालवत होता. तिचे इंजिन प्रतिस्पर्ध्यांच्या इंजिनांपेक्षा लहान होते. शिवाय तिची चाके बोल्टने पक्की बसवलेली होती. चाके बदलायला थांबले असते, तर शर्यत हातची गेली असती. मॉसच्या माणसांनी जणू चाके बदलण्याची तयारी चालली आहे, असा देखावा केला. प्रतिस्पर्धी गाफील राहिले. मॉस मात्र थांबलाच नाही. टायर झिजून आतले धागे दिसू लागले, तरी त्याने मोटार सांभाळून चालवली आणि तीन सेकंदांपेक्षाही कमी अंतराने शर्यत जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत इंजिन मागे असलेल्या मोटारीचा हा पहिला विजय होता.

जॅक ब्रॅबम हा ऑस्ट्रेलियाचा तरुण १९५५ मध्ये कूपरच्या कारखान्यात आला. तो चालकही होता आणि उत्तम कारागीरही होता. १९५९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील सेब्रिंग येथे त्या वर्षाची शेवटची शर्यत झाली. ब्रॅबम सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत, अंतिम रेषा जवळ आली असताना, त्याच्या मोटारीतील पेट्रोल संपले. नियमाप्रमाणे त्याला कोणी मदत करू शकत नव्हते. तो खाली उतरला आणि चढावर एकट्याने मोटार ढकलू लागला. धापा टाकत त्याने रेषा ओलांडली. त्याला चौथा क्रमांक मिळाला. ही शर्यत त्याच संघाच्या २२ वर्षांच्या ब्रूस मॅक्लारेनने जिंकली आणि वर्षाचे जगज्जेतेपद ब्रॅबमला मिळाले. १९६० मध्येही ब्रॅबम आणि कूपर यांनीच जगज्जेतेपद पटकावले. विजय मिळाला, की जॉन आनंदाने कोलांटउडी मारत असे.

१९६१ पर्यंत जवळजवळ सर्व संघांनी फॉर्म्युला वन मोटारींचे इंजिन मागे नेले. ज्यांनी नाके मुरडली होती, त्यांनीही तीच वाट धरली.

त्याच वर्षी जॉनने आणखी एक काम केले. अलेक इसिगोनिस याने सामान्य माणसांसाठी मिनी नावाची छोटी मोटार तयार केली होती. ही मोटार वेगवानही होऊ शकेल, हे जॉनने ओळखले. त्याने कंपनीच्या अधिकाऱ्यांचे मन वळवले. त्यातून मिनी कूपर ही प्रसिद्ध मोटार जन्माला आली. तिने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली.

परंतु यशाचे दिवस सारखे राहत नाहीत. इतर संघांनी कूपरची कल्पना घेऊन अधिक चांगल्या मोटारी बनवल्या. १९६३ मध्ये जॉन दोन इंजिने असलेली एक मिनी चालवत असताना भीषण अपघात झाला. तो गंभीर जखमी झाला. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. १९६५ मध्ये त्याने आपला शर्यतीचा संघ विकला. मात्र त्याने हत्यारे खाली ठेवली नाहीत. तो ससेक्स परगण्यात राहायला गेला आणि तेथे पुन्हा गॅरेज चालवू लागला. २४ डिसेंबर २००० रोजी त्याचे निधन झाले.

आजही अनेक हौशी कारागीर जुन्या धाटणीच्या हलक्या मोटारींत मोटारसायकलचे इंजिन बसवतात. मोटारसायकलला मागे जाण्याचा गिअर सहसा नसतो. त्यामुळे तो वेगळा जोडावा लागतो. अशा अडचणी आल्या, तरी ते हार मानत नाहीत.

जॉन कूपरजवळ मोठा कारखाना नव्हता, मोठी पदवीही नव्हती. जवळ होते मोडके सामान, वडिलांनी शिकवलेला हुन्नर आणि मेहनतीची तयारी. जे नाही त्यासाठी तो रडत बसला नाही. जे आहे त्यातून त्याने वाट काढली. ती वाट पुढे साऱ्या जगाने धरली.

शब्दार्थ

टंचाई – कमतरता
वेध लागणे – ओढ लागणे
सांगाडा – सापळा, मूळ चौकट
ठेंगणी – कमी उंचीची
गाफील – बेसावध
नाके मुरडणे – नापसंती दाखवणे
हुन्नर – कसब, कला

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चार्ल्स कूपर यांचे गॅरेज कोठे होते?
(आ) जॉनच्या पहिल्या मोटारीत कोणत्या कंपनीचे इंजिन होते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जॉनने इंजिन चालकाच्या मागे का बसवले?
(आ) सेब्रिंगच्या शर्यतीत ब्रॅबमने काय केले?

३. वाक्यांत उपयोग करा : मन वळवणे, वाट काढणे, हार न मानणे.

४. तुमच्या परिसरात जुन्या वस्तूंपासून नवी वस्तू तयार करणारा कारागीर असेल, तर त्याच्या कामाची माहिती आठ-दहा ओळींत लिहा.