चेंडू फेकणारा क्रिस्टी मॅथ्यूसन

अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया प्रांतात फॅक्टरीव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १८८० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस ख्रिस्तोफर मॅथ्यूसन ह्याचा जन्म झाला. लोक त्यास क्रिस्टी म्हणत. हे नाव आपल्या कानास ख्रिस्ती ह्या शब्दासारखे लागते, परंतु ते ख्रिस्तोफर ह्याचेच घरगुती रूप होय. मुलाने उपदेशक व्हावे अशी आईची फार इच्छा होती. बक्नेल येथील विद्यालयात तो शिकला, पण उपदेशक न होता बेसबॉल ह्या खेळात चेंडू फेकण्याची चाकरी त्याने पत्करली. त्या काळी ह्या खेळावर पोट भरणारे पुष्कळ गडी दारूबाज व शिवराळ असत. सभ्य घरांतून त्यांना मान नसे. मॅथ्यूसनाने आईस वचन दिले की, प्रभूच्या दिवशी मी खेळणार नाही.

हा खेळ आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिला असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. दोन्ही पक्षांत नऊ नऊ गडी असतात. एक जण चेंडू फेकतो, दुसऱ्या पक्षाचा गडी तो दांड्याने टोलवितो व चार ठाण्यांना फेरी घालून परत आला म्हणजे एक धाव होते. तीन गडी बाद झाले की त्या पक्षाची पाळी संपते. असे नऊ डाव होतात. फेकणाऱ्याने चार चेंडू आवाक्याबाहेर टाकले, तर टोलविणारा काही न करता पहिल्या ठाण्यावर जाऊन उभा राहतो.

१९०० साली मॅथ्यूसन न्यूयॉर्कच्या जायंट्स नामक संघात आला. त्या उन्हाळ्यात तीन सामन्यांची हार त्याच्या नावे लागली व जीत एकही नाही. पुढे १९०५ साली त्याने ३१ सामने जिंकले, आणि वर्षअखेरच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत फिलाडेल्फियाच्या संघाविरुद्ध सहा दिवसांत तीन सामने आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने फेकले. त्या २७ डावांत प्रतिपक्षाची एकही धाव झाली नाही. १९१३ साली ३०६ डाव फेकून त्याने अवघ्या २१ गड्यांना फुकट ठाणे दिले. एकदा तर सलग ६८ डाव एकासही नाही!

आता, फेकणाऱ्याचा गुण मोजतात कसा? जीत किंवा हार सबंध संघाची, तरी वहीत ती प्रत्येक बाजूच्या एकाच फेकणाऱ्याच्या नावे लिहितात. ही रीत मला फारशी न्याय्य वाटत नाही. दुसरी रीत अधिक बारकाईची आहे. झालेल्या धावांपैकी ज्या सोबत्यांच्या चुकीमुळे झाल्या, जसे हातातला झेल सुटला, फेक भलतीकडे गेली, त्या फेकणाऱ्याच्या माथी मारीत नाहीत. प्रतिपक्षाने स्वतः कमावलेल्या धावा तेवढ्या घेतात, त्यांस नवाने गुणितात, आणि फेकलेल्या डावांच्या संख्येने भागितात. एक गडी बाद होणे म्हणजे एक तृतीयांश डाव. १९०८ साली मॅथ्यूसनाने ३९० डाव व वर दोन तृतीयांश इतके फेकले. कमाईच्या धावा ६२ झाल्या. ६२ नव्वे ५५८. त्यास भागिले असता सुमारे १.४३ येतात. म्हणजे सबंध सामन्यात दीड धावदेखील नाही. त्या वर्षी ३७ सामने त्याने जिंकले. त्याच्या साऱ्या आयुष्याचा हाच आकडा २.१३ आहे. त्याच्या संघमंडळात हा हिशेब अधिकृतपणे १९१२ पासून ठेवू लागले. त्यापूर्वीचे आकडे जुन्या नोंदींवरून मागाहून काढलेले आहेत.

त्याच १९१२ साली हा हिशेब कसा उपयोगी पडतो ते दिसून आले. अजिंक्यपदाचा शेवटचा सामना ऑक्टोबरच्या १६ तारखेस बोस्टन येथे झाला. नऊ डावांत निकाल लागला नाही. दहाव्यात न्यूयॉर्कने एक धाव अधिक केली. मग बोस्टनची पाळी आली, आणि स्नॉडग्रास नावाच्या सोबत्याच्या हातून अगदी सोपा झेल सुटला. थोड्याच वेळाने दुसरा एक उंच चेंडू दोघातिघांच्या मधोमध पडला. त्यास कोणाचा हात लागला नाही, म्हणून ती चूक वहीत कोठेच लिहिलेली नाही. बोस्टनने दोन धावा काढून सामना जिंकला. मॅथ्यूसनाच्या नावे त्या सामन्यांत हारी दोन, जीत एकही नाही. पण अठ्ठावीस डावांहून अधिक फेकून कमाईच्या धावा त्याने फक्त ३ दिल्या, सरासरी ०.९४. एकाच माणसाचे एकाच आठवड्याचे हे दोन हिशेब आहेत. स्नॉडग्रासचे नाव मात्र लोकांनी मरेपर्यंत त्या एका झेलाशी जोडून ठेविले.

रविवारच्या वचनाविषयी लिहिले पाहिजे. न्यूयॉर्कात कायद्यानेच त्या दिवशी असा खेळ बंद होता. पण शिकागो, सेंट लुई, सिन्सिनाटी येथे तो चाले, आणि संघ तिकडे गेला म्हणजे त्याचा उत्तम फेकणारा रविवारी बसून राही. त्यामुळे किती जिती गेल्या ह्याचा आकडा कोणत्याही वहीत नाही. तथापि १९१६ साली तो सिन्सिनाटीच्या संघाचा व्यवस्थापक झाला, तेव्हा रविवारच्या सामन्यांतही संघ चालविण्याचे काम त्याच्याकडे आले. १९१७ च्या ऑगस्टात न्यूयॉर्क येथे रविवारी सामना केल्याबद्दल त्यास व प्रतिपक्षाचा व्यवस्थापक मॅग्रॉ ह्यास पकडण्यात आले. न्यायाधीशाने दोघांसही सोडून दिले. त्याची स्तुती करणारे बहुधा ही गोष्ट गाळतात. वचनाचे शब्द त्याने पाळिले, पण त्यातला अर्थ त्याच्या हातून निसटला, असे मला वाटते.

पहिल्या महायुद्धात तो विषारी वायूच्या पथकात कॅप्टन होऊन १९१८ साली फ्रान्सात गेला व तेथे तो वायू त्याच्या फुप्फुसांत गेला. पुढे त्यास क्षय झाला. त्याचा भाऊ हेन्री १९१७ सालीच ह्याच रोगाने वारला होता, तेव्हा सारा दोष वायूचाच होता असे खात्रीने म्हणवत नाही. सॅरनॅक लेक येथील थंड डोंगरात तो उपचारासाठी राहिला, थोडा बरा झाला, १९२३ साली बोस्टनच्या एका संघाचा अध्यक्षही झाला. पण दुखणे उलटले. १९२५ च्या ऑक्टोबरच्या ७ तारखेस, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो निवर्तला. पिट्सबर्ग येथे अजिंक्यपदाचे सामने त्याच दिवशी सुरू झाले होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांचे गडी दंडास काळी फीत बांधून खेळावयास उतरले.

त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्या नावे ३७२ जिती होत्या. १९२९ साली अलेक्झांडर नावाच्या फेकणाऱ्याने ३७३ वी जीत मिळविली, व मॅथ्यूसनास मागे टाकिले असे सर्वांनी धरिले. पुढे १९४० नंतरच्या दशकात जुन्या नोंदी तपासताना १९०२ सालच्या एका सामन्याची जीत त्याच्या नावे लिहावयाची राहून गेल्याचे आढळले. ती लिहिण्यात आली. आता दोघांच्याही नावापुढे ३७३ आहेत.