नगरमध्ये जन्मलेला विनोदवीर : स्पाइक मिलिगन

नगर म्हटलं की आपल्याला भुईकोट किल्ला आठवतो, चाँदबीबी आठवते. पण रेडिओवरून अख्ख्या इंग्लंडला हसवणारे स्पाइक मिलिगन हेही जन्माने नगरचेच, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १६ एप्रिल १९१८ ला ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मले. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत नोकरीला. लहानपण पुण्यात आणि नंतर रंगूनला गेलं. पुढे कुटुंब लंडनला परतलं.

१९४० मध्ये त्यांना फौजेचं बोलावणं आलं. तोफखान्यात संदेश पोहोचवण्याचं काम होतं, आणि फावल्या वेळात ट्रम्पेट. आधी उत्तर आफ्रिका, मग इटली. जानेवारी १९४४ मध्ये मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत उखळी तोफेचा गोळा जवळच फुटला. पायाची जखम तशी लवकर भरली, पण मनाची नाही. तोफ धडाडली की हे रडायला लागत, बोलताना जीभ अडखळे. वरिष्ठांनी काय करावं? बाहीवरची फीत काढून घेतली आणि साधा शिपाई केला! मनाच्या जखमेला तेव्हा कोण जखम मानत होतं? आज तरी किती जण मानतात, हा प्रश्नच आहे.

लढाईला नालायक ठरलेला हा माणूस मग सैनिकांच्या कलापथकात गेला. बिल हॉल यांचं व्हायोलिन, जॉनी मलग्रू यांचा डबल बास आणि मिलिगन यांची गिटार. अंगावर फाटके कपडे घालून तिघं वाजवायचे आणि थकलेले जवान पोट धरून हसायचे.

पुढे १९५१ ते १९६० बीबीसीवर ‘द गून शो’ गाजला. सोबत पीटर सेलर्स होते आणि आफ्रिकेत तोफखान्यातच भेटलेले हॅरी सेकोम्ब. बहुतेक लिखाण मात्र मिलिगन यांचं. दर आठवड्याला नवा भाग लिहायचा, त्या ताणाने जुनं दुखणं उसळून यायचं. इस्पितळाच्या वाऱ्या जन्मभर सुटल्या नाहीत.

ज्या देशासाठी लढले त्याने पासपोर्टच्या वेळी मात्र हिंदुस्थानातल्या जन्मावर बोट ठेवलं, निष्ठेची शपथ मागितली. मिलिगन चिडले, शपथ नाकारली आणि वडिलांच्या आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं.

२७ फेब्रुवारी २००२ ला ते गेले. आपण आजारी आहोत हे आधीच सांगितलं होतं, असं त्यांच्या कबरीच्या दगडावर आयरिश भाषेत कोरलेलं आहे.