सार्वजनिक काकांचे वकीलपत्र

गणेश वासुदेव जोशी यांना आपण सार्वजनिक काका म्हणून ओळखतो. १८२८ साली साताऱ्यात जन्मलेल्या काकांनी पुण्यात वकिली केली. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे ते प्राण होते. सभासद होण्यासाठी किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. दुसऱ्याच्या वतीने बोलायचे तर त्याची संमती हवी, हा वकिलीतला नियम सभेने लोककार्याला लावला. कोर्टकज्ज्यांत घरे बुडू नयेत, म्हणून सभेने लवाद कोर्टाचा प्रयोगही केला.

कसोटीची वेळ आली १८७९ मध्ये. इंग्रज सरकारविरुद्ध बंड करणारे वासुदेव बळवंत फडके देवर नावदगी येथे पकडले गेले. हे ठिकाण आजच्या विजयपूर जिल्ह्यात, आम्हा बेळगावकरांच्या शेजारीच. पुण्यात खटला उभा राहिला. अशा आरोपीच्या बाजूने उभे राहणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे. तरीही काकांनी बचावाचे काम हाती घेतले. फडक्यांना जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला नेण्यात आले. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, काका गेले.

खटला हरला, पण आरोपी एकटा पडला नाही. आज गरिबांना मोफत कायदेशीर मदत मिळावी, असे आपली राज्यघटना अनुच्छेद ३९-अ मध्ये सांगते. विधी महाविद्यालयांतील मदत केंद्रांत आपली मुले अर्ज लिहून देतात, लोकांचे हक्क समजावून सांगतात. त्यांनी काकांचे चरित्र जरूर वाचावे, असे आम्हाला वाटते.