विश्लेषण : संघ निवडण्याच्या हक्कासाठी लढलेले बेसबॉलपटू कर्ट फ्लड स्वतः मात्र का हरले?

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम शरद ऋतूत संपतो, पण चाहत्यांची चर्चा थांबत नाही. उलट हिवाळ्यात ती अधिकच रंगते. कोणाचा करार संपला, कोण कोणत्या संघात जाणार, कोणाला किती कोटी डॉलर मिळणार, याचे अंदाज रोज बांधले जातात. डिसेंबर 2023 मध्ये शोहेई ओहतानी यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सशी 10 वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला. वर्षभरातच हुआन सोटो यांनी न्यूयॉर्क मेट्सशी 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलरचा करार केला. आवडता खेळाडू संघ सोडून गेला की चाहते हळहळतात आणि आजच्या खेळाडूंमध्ये निष्ठा उरली नाही, अशी तक्रारही करतात. मात्र, जेमतेम 50 वर्षांपूर्वीपर्यंत खेळाडूला संघ सोडण्याचा हक्कच नव्हता. संघाला मात्र खेळाडूला हवे तेव्हा, हव्या त्या शहरात पाठवता येत होते. ही पद्धत न्यायालयात नेणाऱ्या कर्ट फ्लड यांची ही कहाणी.

कर्ट फ्लड कोण होते?

फ्लड यांचा जन्म 18 जानेवारी 1938 रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे झाला. सहा भावंडांत ते धाकटे. ते लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंडला स्थायिक झाले. पुढे बेसबॉलचे दिग्गज ठरलेले फ्रँक रॉबिन्सन याच शहरातील मैदानांवर घडले. फ्लडही तेथेच तयार झाले. उंचीने बेताचे, पण पायांत विलक्षण चपळाई.

1956 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी सिनसिनाटी रेड्स संघाने त्यांना 4 हजार डॉलर पगारावर करारबद्ध केले. सराव शिबिरासाठी ते फ्लोरिडातील टँपा येथे पोहोचले. संघ ज्या हॉटेलात उतरला होता, तेथून त्यांना बाजूच्या दाराने बाहेर काढून कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निवासात पाठवण्यात आले. पुढचे दोन हंगाम त्यांनी दक्षिणेकडील राज्यांतील दुय्यम स्पर्धांमध्ये काढले. गोरे सहकारी उपाहारगृहात जेवत असताना फ्लड यांना बसमध्ये थांबावे लागे. प्रेक्षकांच्या शिव्या तर रोजच्याच. तरीही पहिल्या हंगामात त्यांनी खोऱ्याने धावा केल्या.

डिसेंबर 1957 मध्ये सिनसिनाटीने त्यांना सेंट लुईस कार्डिनल्स संघाकडे देऊन टाकले. त्यांना कोणी काही विचारले नाही. पुन्हा असे होऊ द्यायचे नाही, अशी गाठ एकोणीस वर्षांच्या फ्लड यांनी तेव्हाच मनाशी बांधली.

खेळाडू म्हणून त्यांची योग्यता किती होती?

सेंट लुईसमध्ये फ्लड 12 हंगाम खेळले. ते सेंटर फिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या मध्यभागात सर्वाधिक पळापळ करणारे क्षेत्ररक्षक होते. 1963 ते 1969 अशी सलग सात वर्षे त्यांना उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार मिळाला. 1966 च्या संपूर्ण हंगामात त्यांच्या हातून एकही चूक नोंदली गेली नाही. कार्डिनल्सने 1964 आणि 1967 मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

1968 मध्ये मात्र डेट्रॉईट टायगर्सविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात एका उंच चेंडूचा त्यांचा अंदाज चुकला. ते एक पाऊल पुढे आले आणि चेंडू डोक्यावरून मागे गेला. सामना आणि विजेतेपद दोन्ही हातचे गेले. तरीही 1969 साठी त्यांना 90 हजार डॉलर पगार मिळाला. त्या काळात हा आकडा फारच थोड्या खेळाडूंच्या वाट्याला येत असे.

मैदानाबाहेरही ते गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. 1962 मध्ये बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत तोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांच्यासोबत ते मिसिसिपीतील नागरी हक्कांच्या सभेला गेले. 1964 मध्ये कॅलिफोर्नियातील अलामो येथे भाड्याने घेतलेल्या घरात कृष्णवर्णीय कुटुंब राहणार म्हणून त्यांना बंदुकीचा धाक दाखवून अडवण्यात आले. फ्लड न्यायालयात गेले, आदेश मिळवला आणि त्याच घरात राहायला गेले.

‘राखीव कलम’ म्हणजे काय?

बेसबॉलपटूचा करार सहसा एका वर्षाचा असे. मात्र, त्यात एक कलम होते. नव्या करारावर एकमत झाले नाही, तर संघाला जुना करार आणखी एका वर्षासाठी वाढवता येत असे. संघमालकांच्या मते वाढवलेल्या करारातही तेच कलम कायम राहत असल्याने तो पुन्हा पुन्हा वाढवता येत होता. म्हणजे एका वर्षाचा करार प्रत्यक्षात जन्मभराचा ठरे. आयपीएलमध्ये संघ काही खेळाडूंना ‘रिटेन’ करतात, त्याच्याशी याचे थोडे साम्य आहे. फरक इतकाच, की येथे लिलावात उतरण्याची वेळ कधी येतच नसे.

या पद्धतीची सुरुवात 1879 मध्ये झाली होती. इतर कोणत्याही उद्योगात ती मक्तेदारीविरोधी कायद्यात अडकली असती. पण 1922 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, असा निकाल देऊन या खेळाला कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. 1953 मध्ये न्यायालयाने तोच निकाल कायम केला. मालकांचा युक्तिवाद असा होता, की हे कलम काढले तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू विकत घेतील आणि स्पर्धेत चुरस उरणार नाही.

ऑक्टोबर 1969 मध्ये काय घडले?

त्या महिन्यात एका सकाळी फ्लड यांना फोन आला. फोनवर मालक नव्हते, मुख्य व्यवस्थापकही नव्हते, कार्यालयातील एक कनिष्ठ अधिकारी होता. फ्लड यांच्यासह चार खेळाडू फिलाडेल्फिया फिलीज संघाला देण्यात आले असून, बदल्यात डिक अ‍ॅलन यांच्यासह तीन खेळाडू येणार आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. 12 वर्षांची सोबत एका फोनवर संपली.

फिलाडेल्फिया त्यांना सुमारे एक लाख डॉलर देण्यास तयार होते. म्हणजे प्रश्न पैशांचा नव्हता. निवृत्त व्हायचे किंवा मुकाट्याने जायचे, एवढेच दोन पर्याय समोर असणे फ्लड यांना मान्य नव्हते.

ते खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांच्याकडे गेले. पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या मिलर यांनी त्यांना कोणतीही खोटी आशा दाखवली नाही. खटला जिंकण्याची शक्यता जवळपास नाही, जिंकलात तरी तुम्हाला काही मिळणार नाही, कारकीर्द संपेल आणि पुढे प्रशिक्षक म्हणूनही कोणी जवळ करणार नाही, याची स्पष्ट कल्पना त्यांनी दिली. निकालाचा लाभ इतर खेळाडूंना होईल का, असे फ्लड यांनी विचारले. होईल, असे उत्तर मिळाल्यावर त्यांचा निर्णय झाला. डिसेंबरमध्ये पोर्तो रिकोतील बैठकीत संघटनेच्या प्रतिनिधींनी एकमताने त्यांना पाठिंबा दिला आणि खटल्याचा खर्च उचलण्याचे ठरवले.

24 डिसेंबर 1969 रोजी फ्लड यांनी बेसबॉल आयुक्त बोवी कुन यांना पत्र लिहिले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही आणि कोठे खेळायचे हे ठरवण्यापूर्वी इतर संघांचे प्रस्ताव ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे, असा त्याचा आशय होता. कुन यांनी नकार दिला. 16 जानेवारी 1970 रोजी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात खटला दाखल झाला.

खटल्यात काय झाले?

वर्षाला 90 हजार डॉलर मिळवणारा माणूस स्वतःला गुलाम कसा म्हणवतो, अशी टीका वृत्तपत्रांतून आणि प्रेक्षकांतून झाली. पगार मोठा असला म्हणून गुलामी संपत नाही, अशी भूमिका फ्लड यांनी दूरचित्रवाणीवर मांडली. त्यावर टीका आणखी वाढली.

त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी मांडली. जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग या निवृत्त दिग्गजांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. मात्र, त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात येऊन त्यांच्या मागे बसला नाही. मालकांच्या रोषाची भीती सर्वांनाच होती. ऑगस्ट 1970 मध्ये निकाल विरोधात गेला, पुढच्या वर्षी अपीलही फेटाळले गेले.

फ्लड यांनी 1970 चा हंगाम आणि त्याचा पगार सोडला. ते डेन्मार्कला निघून गेले. 1971 मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सने त्यांना 1 लाख 10 हजार डॉलरच्या करारावर परत आणले. पण दीड वर्षाचा खंड आणि मनावरचा ताण यांतून ते सावरले नव्हते. 13 सामन्यांनंतर एप्रिलमध्येच त्यांनी संघ सोडला आणि स्पेनच्या मायोर्का बेटाचा रस्ता धरला. तेव्हा ते केवळ 33 वर्षांचे होते.

19 जून 1972 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. बेसबॉलला दिलेली सवलत विसंगत आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र, इतक्या वर्षांची चूक दुरुस्त करायची तर ती काँग्रेसने करावी, असे म्हणून विषय संपवला.

मग ‘फ्री एजन्सी’ आली कशी?

ती न्यायालयातून नव्हे, वाटाघाटींच्या टेबलावरून आली. राखीव कलमाचा विषय खेळाडू संघटनेशी चर्चा करून सोडवण्याचा आहे, असा बचाव मालकांनीच फ्लड खटल्यात केला होता. मिलर यांनी तोच धागा पकडला. 1970 च्या करारात खेळाडूंच्या तक्रारी स्वतंत्र लवादाकडे नेण्याची तरतूद झाली होती. खटल्यामुळे हे कलम नेमके काय आहे, हे खेळाडूंना आणि सामान्य चाहत्यांनाही कळले होते.

1973 च्या करारात एक नवा नियम आला. प्रमुख स्पर्धेत 10 वर्षे आणि त्यातली शेवटची 5 एकाच संघात काढलेल्या खेळाडूची त्याच्या संमतीशिवाय अदलाबदल करता येणार नाही. त्याच डिसेंबरमध्ये शिकागो कब्जच्या रॉन सँटो यांनी या नियमाचा आधार घेऊन दुसऱ्या संघात जाण्यास नकार दिला. हा नियम चार वर्षे आधी असता, तर फ्लड यांना न्यायालयाची पायरी चढावीच लागली नसती.

त्यानंतर डॉजर्सचे अँडी मेसरस्मिथ यांनी संमतीशिवाय आपली अदलाबदल होणार नाही, अशी हमी करारात मागितली. ती न मिळाल्याने 1975 चा हंगाम ते नव्या करारावर सही न करताच खेळले. डेव्ह मॅकनॅली यांनीही सही केली नव्हती. 23 डिसेंबर 1975 रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी करार फक्त एकदाच वाढवता येतो, पुन्हा पुन्हा नाही, असा निर्णय दिला. मालकांनी साइट्झ यांना तात्काळ पदावरून हटवले, पण निर्णय न्यायालयातही टिकला. 1976 मध्ये नवा करार झाला आणि प्रमुख स्पर्धेत सहा वर्षे पूर्ण केलेल्या खेळाडूला करार संपल्यावर संघ निवडण्याची मुभा मिळाली. आजही हीच मूळ चौकट आहे. 1976 मध्ये सुमारे 51 हजार डॉलर असलेला खेळाडूंचा सरासरी पगार 1980 पर्यंत 1 लाख 40 हजारांच्या पुढे गेला.

फ्लड यांच्या वाट्याला काय आले?

या पैशांतला एक डॉलरही फ्लड यांना मिळाला नाही. मायोर्कात त्यांनी बार चालवला. दारूचे व्यसन आणि पैशांची चणचण यांनी त्यांना घेरले. सत्तरच्या दशकाच्या मध्यात ते ओकलंडला परतले. 1978 मध्ये तेथील संघाच्या सामन्यांचे समालोचन त्यांनी केले, पुढे शहरातील मुलांच्या बेसबॉलसाठी काम केले. हळूहळू ते व्यसनातून सावरले. 1986 मध्ये अभिनेत्री ज्युडी पेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1994 च्या संपाच्या काळात ते खेळाडूंच्या बैठकीत बोलायला उभे राहिले, तेव्हा नव्या पिढीने उठून टाळ्या वाजवल्या. न्यायालयातील रिकाम्या खुर्च्यांनंतर जवळपास पाव शतकाने हा प्रतिसाद मिळाला होता.

घशाच्या कर्करोगाने 20 जानेवारी 1997 रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी त्यांना 59 वर्षे पूर्ण झाली होती. ऑक्टोबर 1998 मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ‘कर्ट फ्लड कायद्या’वर स्वाक्षरी केली. प्रमुख स्पर्धेतील खेळाडूंच्या नोकरीपुरती बेसबॉलची ती जुनी सवलत अखेर रद्द झाली. बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश करावा, अशी मागणी 2020 मध्ये काँग्रेसच्या शंभराहून अधिक सदस्यांनी केली होती.

श्रीमंत संघांचे पारडे जड राहते, ही चाहत्यांची तक्रार आजही पूर्णपणे खोटी ठरलेली नाही. मात्र, निष्ठेचा प्रश्न येतो तेव्हा सेंट लुईसमधला तो फोन आठवावा लागतो. संघ सोडण्याचा हक्क संघमालकांकडे आधीपासूनच होता. तोच हक्क खेळाडूलाही असावा, एवढेच फ्लड मागत होते. आता दर हिवाळ्यात शेकडो खेळाडू तो बजावतात. फ्लड यांना तो एकदाही बजावता आला नाही.