एल्साबाई बेस्कोव

मुलांसाठी लिहिणाऱ्या बाया गोडगोडच लिहितात, असा आपल्यात एक समज आहे. स्वीडनच्या एल्सा बेस्कोव यांची पुस्तके नुसती चाळली तर तो समज पक्काच व्हावा. भूछत्राची लाल टोपी घातलेली बोटभर मुले, माणसांसारखी नटलेली फुले, झाडाखाली राहणारी कुटुंबे! मला मात्र या बाई निराळ्या वाटतात, आणि त्याला कारण १९१२ साली निघालेले त्यांचे ‘पेलेचे नवे कपडे’ हे छोटे पुस्तक.

पेलेपाशी एक कोकरू आहे. पेले वाढतो, त्याचा डगला मात्र आखूड होत जातो. तो कोकराची लोकर कातरतो आणि आजीकडे नेतो. आजी लोकर पिंजून देते, पण तोवर पेलेने गाजरांचा वाफा खुरपायचा. दुसरी आजी ती कातून देते, तोवर त्याने तिच्या गाई राखायच्या. रंगाऱ्याकडे रंग मागावा, तर तो टर्पेंटाइन आणायला होडीतून दुकानी धाडतो. उरलेल्या सुट्या पैशांत पेले निळा रंग घेतो आणि आपली लोकर आपणच रंगवतो. आई कापड विणते, तेवढा वेळ धाकट्या बहिणीला सांभाळायचे. शिंप्याकडे तर गवत ओढा, लाकडे आणा, डुकरांना घाला! रविवारी नवा पोषाख अंगावर चढतो, तेव्हा पेले आधी कोकराचे आभार मानायला जातो. उपदेशाचा एक शब्द नाही. फुकट मात्र काहीच मिळत नाही, सख्ख्या आईकडूनसुद्धा नाही.

कष्टाचा हा हिशेब बाईंना लहानपणीच कळला असावा. ११ फेब्रुवारी १८७४ रोजी स्टॉकहोमला त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव मार्टमान. वडील मूळचे नॉर्वेचे, व्यापारी. सहा भावंडे. एल्सा पंधरा वर्षांची असताना वडील गेले आणि आई मुलांना घेऊन आपल्या अविवाहित बहिणी व भाऊ यांच्या घरी राहावयास आली. मावश्या-मामांच्या आधाराने वाढलेली मुले आपल्याकडेही थोडी नाहीत; ते घर कसे असते, हे वाचकांना सांगावयास नको. पुढे १९१८ साली याच मावश्यांवरून बाईंनी हिरवी, तपकिरी आणि जांभळी अशा तीन बाया रंगवल्या, जोडीला एक निळे काका. स्वीडनमधल्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांना घरच्यासारख्या ओळखतात.

एल्साबाई स्टॉकहोमच्या तंत्रशाळेत चित्रकला शिकल्या आणि ॲना व्हिटलॉक यांच्या शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. १८९७ साली पहिले पुस्तक निघाले, एका चिमुकल्या म्हातारीची गोष्ट. त्याच साली नातानाएल बेस्कोव यांच्याशी विवाह झाला. हे गृहस्थ चित्रकार, धर्मप्रवचनकार आणि कट्टर शांततावादी. १९१२ साली स्टॉकहोममध्ये ‘बिर्कागोर्डेन’ हे लोकसेवेचे केंद्र उभारणाऱ्यांत ते होते. असा माणूस मोठा खरा, पण संसार चालवायला कोणीतरी लागतेच! जुर्सहोमच्या घरात सहा मुलगे झाले, आणि बाईंच्या पुस्तकांच्या मिळकतीचा त्या संसाराला मोठा हातभार लागला. नमुन्याला मुले घरचीच होती.

त्यांच्या चित्रांत रेघ ठळक असते आणि रंग पातळ, शांत. झाडे-झुडपे मात्र बरोबर. १९०१ सालच्या पुस्तकात पुटे नावाचा मुलगा आईच्या वाढदिवसासाठी रानफळे शोधायला जातो आणि बोटाएवढा होतो; कथा कल्पनेची, पण पान आणि फळ निरखून काढलेले. परी खोटी असली तरी रोप खरे हवे, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. घरातल्या आई-मुलांच्या त्यांच्या जगात आजच्या वाचकाला जुनाटपणा दिसेल, आणि तो आहेही.

सुमारे चाळीस पुस्तके लिहून एल्साबाई ३० जून १९५३ रोजी वारल्या; नातानाएलही त्याच वर्षी गेले. त्यांचा मुलगा बू चित्रकार झाला. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत ध्यानाची एक खोली आहे, तिच्या भिंतीवरचे १९५७ सालचे चित्र त्याचे. १९५८ पासून स्वीडनमध्ये उत्तम चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला एल्साबाईंच्या नावाचे पदक देण्यात येऊ लागले.